मूळ प्रत सुरक्षित आहे

२ फेब्रुवारी. उणे ३४.
आजपासून मी ऑफिसात. ऑफिसातली माणसं नोंदी ठेवतात, म्हणून मीही ठेवणार. ही वही दोन वर्षांपूर्वी गावाहून निघताना आईनं दिली होती. आतापर्यंत दोनच पानं भरली आहेत, दोन्हींवर सिरिलकाकांबरोबर खेळलेल्या पत्त्यांचे गुण. मागच्या पुठ्ठ्याला खिसा आहे. चांगली वही आहे.

झालं असं. गेल्या गुरुवारी यार्डात नट बसेना, म्हणून उजवा हातमोजा काढला. दहा मिनिटं, जास्त नाही. तर्जनी आणि मधलं बोट गोठून मेणबत्तीसारखी पांढरी पडली. दुखलं नाही. अजूनही दुखत नाही. काहीच होत नाही. मेडिकनं पट्टी बांधली. मला वाटलं, आता घरी पाठवतात. तर दुसऱ्या दिवशी ग्लेंडाबाईंचं बोलावणं. ग्लेंडाबाई म्हणजे या कामगार-कॅम्पच्या मॅनेजर, त्यांच्यासमोर ट्रकवालेसुद्धा टोपी काढतात. म्हणाल्या, घरीबिरी जायचं नाही, ड्वेन, सोमवारपासून ऑफिसात बस.

बासष्ट माणसांतून मीच का, याचा विचार केला. आधीच कुणाच्या तरी नजरेत भरलो असणार.

सिरिलकाका माझ्या खोलीत राहतात आणि आमच्याच खाडीवरचे आहेत. ते म्हणाले, लेका, फार हुरळू नकोस, जेवणघराबाहेरचा बोर्ड वाच. वाचला. ‘अपघातामुळे एकाही माणसाचा कामाचा दिवस न बुडता गेलेले दिवस : ४७८.’ पाचशे झाले की सगळ्यांना कंपनीकडून जॅकेट. यात माझा काय संबंध, कळलं नाही. माझा दिवस कुठे बुडाला? मी तर कामावर आहे.

३ फेब्रुवारी. उणे ३१. सकाळी ५.
काम एकच, पण मोठं. धोका-पत्रक. एका पानावर तेरा ओळी : बर्फावर घसरू नका, चालत्या क्रेनखाली उभे राहू नका, वगैरे. रोज सकाळी सहाला प्रत्येकानं ते वाचायचं, खाली सही करायची, मगच यार्डाचं फाटक उघडतं. बासष्ट माणसं, बासष्ट कॉप्या. आधी हे काम एक बाई करायची, तिचं लग्न ठरलं.

ग्लेंडाबाईंनी मूळ पत्रक हातात दिलं. कॅल्गरीच्या मोठ्या ऑफिसातून आलेलं, शिक्का आणि सही असलेलं. म्हणाल्या, एकच आहे, जिवापलीकडे जप.

जिवापलीकडे म्हटल्यावर माझं डोकं चाललं. फोटोकॉपी मशीनच्या काचेखालचा दिवा काय प्रखर असतो! रोज त्या उजेडात धरलं तर शाई उडणारच. आईचे खिडकीतले पडदे असेच गेले. म्हणून मी पद्धत बसवली. मूळ पत्रक आज एकदाच काचेवर ठेवलं. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून या वहीच्या खिशात ठेवलं, म्हणजे सतत माझ्याजवळ. आज बासष्टऐवजी त्रेसष्ट कॉप्या काढल्या. त्रेसष्टावी उद्या काचेवर. उद्याची त्रेसष्टावी परवा. असंच पुढे. मूळ प्रतीला ओरखडा नाही.

ग्लेंडाबाईंना सांगितलं नाही. चांगली पद्धत आपोआप दिसते.

पाकिटामुळे वही नीट मिटत नाही. चालायचंच.

५ फेब्रुवारी.
आईचा फोन. ऑफिसात आहे म्हटल्यावर ती म्हणाली, सोन्या, खुर्ची आहे का? आहे म्हटलं, चाकांची. आमच्या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसून पगार आणला नाही. बाबा मासळीच्या कारखान्यात उभे राहून गेले, आजोबा होडीत. आईनं विचारलं, कायमचं आहे का रे? म्हटलं, कायमचंच समज.

दुपारपर्यंत आख्ख्या खाडीला कळलं असेल. फादरनासुद्धा.

संकल्प : रोज दाढी. टाइप शिकणे. ग्लेंडाबाईंनी सांगायच्या आत काम संपवणे.

७ फेब्रुवारी. उणे २९.
खणावर कागद चिकटवला : ड्वेन राईडआउट, कागदपत्रं. खुर्ची दोन बोटं उंच केली.

आज तिघं म्हणाले, पत्रक जरा पुसट आहे. मी म्हटलं, बर्फाच्या उजेडातून आत आलं की सगळंच पुसट दिसतं. मला व्यवस्थित दिसतं. पाठच आहे म्हणा.

९ फेब्रुवारी. बोर्डावर ४८५.
पत्रक पुसट आहे. मान्य. आज ग्लेंडाबाईंनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं. टोनर संपला असेल म्हणाल्या.

टोनर म्हणजे मशीनमधली काळी पूड, लांब डबीत असते. डबीवर चित्र आहे : आडवी धरून हळू हलवा. हळू हलवून जगात काही सुटलंय का? दोन्ही हातांनी, होडीतलं पाणी उपसावं तशी हलवली. झाकण सुटलं. भिंत, कॅलेंडर, मी. ग्लेंडाबाई आल्या, पाहिलं, परत गेल्या. त्या रागावल्या नाहीत. ऑफिसात माणसं एकमेकांना समजून घेतात.

कपाटातली नवी डबी घातली. कॉपी काढली. तशीच पुसट. म्हणजे नवी डबीच जुनी होती. दुसरी घातली. तीपण जुनी.

१० फेब्रुवारी.
काच साफ केली. ट्रकच्या पुढच्या काचेवर मारतात ते निळं पाणी वापरलं, उणे चाळीसलाही गोठत नाही. मशीन आत उबेत असतं, पण सावध असलेलं बरं.

फरक पडला. आता पुसट आणि निळसर.

११ फेब्रुवारी. उणे ३३.
मशीनवर गडदपणाचं बटण सापडलं. पाचवर होतं. नऊवर नेलं. नऊच्या पुढे जात नाही, प्रयत्न केला.

पानाचा पांढरा भाग करडा झाला. अक्षरं होती तशीच. करड्यावर करडं. सिरिलकाकांनी सकाळी पत्रक खिडकीकडे धरून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं. म्हणाले, ओळ पहिली, धुकं. ओळ दुसरी, दाट धुकं. ओळ सातवी, अस्वलापासून सावध रहा. माणसं हसून हसून सहीवर सही करत होती. सिरिलकाकांचा स्वभावच असा आहे. बासष्टच्या बासष्ट सह्या मात्र आल्या. न दिसणाऱ्या कागदावर माणूस सही करतो तेव्हा कागद देणाऱ्यावर विश्वास असतो, असं मला वाटतं.

१३ फेब्रुवारी.
ग्लेंडाबाई म्हणाल्या, एडमंटनहून दुरुस्तीवाला बोलावलाय, पंचवीसला येईल. मी म्हटलं, त्याच्या आत मीच लावतो. त्या म्हणाल्या, कृपा कर, हात लावू नकोस. बाईंना माझ्या बोटांची काळजी आहे.

पण विचार केला. पंचविसाच्या आत मशीन मी सुरू केलं, तर मग मला कोण उठवतो या खुर्चीवरून? हीच ती संधी. ठरलं.

१४ फेब्रुवारी. उणे ३८.
कारण सापडलं! कागद. हवेनं कागद सर्दावतो, सर्दावलेल्या कागदावर पूड बसत नाही. पाच गठ्ठे खोलीत आणून हीटरवर लावले. सिरिलकाका म्हणाले, काय रे, अंडी उबवतोयस? मी म्हटलं, काका, हे शास्त्र आहे. ते म्हणाले, शास्त्राला सांग माझे मोजे वाळवायचेत, जरा सरक.

१५ फेब्रुवारी.
कागद वाळून वाकडा झाला. मशीनमध्ये अडकतो. अडकलेला काढायला मागचं झाकण उघडावं लागतं, हे नवीन कळलं. वाईट दिवसातही शिकायला मिळतं.

पत्रक आता नीट पाहिलं तर आहे. न पाहिलं तर नाही.

१६ फेब्रुवारी. उणे ३५. दुपारी १.
मागचं झाकण उघडून कागद ओढत होतो. आत एक जाड रोलर आहे, कागद त्याच्याखालून जातो. कागद निघेना म्हणून उजव्या हातानं रोलर दाबून धरला आणि डाव्यानं ओढला. मिनिट-दोन मिनिटं लागली. मस्त वास आला. वाटलं, जेवणघरात बेकन तळतायत. भूकच लागली.

जेवणघरात आज भात आणि कोंबडी होती.

३ वाजता. पट्टी नाहीये बोटांवर. मधल्या बोटाच्या टोकाला मोठा फोड आहे, पाण्यानं भरलेला. दाबून पाहिला. काही नाही.

दुखत नाही त्याला दुखापत म्हणत नाहीत. शब्दच तसा आहे. मेडिककडे गेलो नाही. नवीन पट्टी स्वतः बांधली, एका हातानं आणि दातांनी. बोर्डावर ४९२ आहेत. आठ दिवसांसाठी माणसांची जॅकेटं मी का घालवू? ती माझी माणसं आहेत. म्हणजे, ती यार्डातली, मी ऑफिसातला, पण तरी.

१८ फेब्रुवारी.
ग्लेंडाबाई बाहेर गेल्या होत्या तेव्हा दुरुस्तीवाल्याला फोन लावला. अर्नेल नाव, बोलायला सज्जन. मी अमुक केलं, तमुक केलं सगळं सांगितलं. रोलरचं सांगितलं नाही. तो म्हणाला, दादा, एक करा, मशीनचं स्वतःचं चाचणीचं पान छापून बघा. बटणं सांगितली. दाबली. पान आलं.

काळंभोर. अक्षरं उठून यावीत असं.

अर्नेल म्हणाला, मग मशीन ठणठणीत आहे की. मी फोन ठेवला. हे भलतंच. मशीन स्वतःचं काम नीट करतं, दुसऱ्याचं आलं की अंग चोरतं. आमच्या खाडीवर अशी दोन घरं आहेत. अशा मशीनला दुरुस्ती नाही, धाक लागतो.

दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो.

२० फेब्रुवारी. उणे ४०. ४९६.
आजच्या पानावर काहीच आलं नाही. कोपऱ्यात शिक्क्याची जागा तेवढी, बशीचा ओला डाग पडावा तशी.

घाबरायचं नाही असं ठरवलं. डाव्या हातानं पेन घेऊन काल उरलेल्या पानावर एकेक ओळ गिरवली. दिसत नव्हत्या त्या पाठ होत्या. शाळेत नववीत पाठांतरावरच तर वर गेलो असतो, बाबा गेले नसते तर. बारा ओळी आठवल्या. सातवी काही केल्या आठवेना. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. तेच लिहिलं. सातवी ओळ महत्त्वाची नसावी.

कॉपी काढली. ठळक आली! बासष्ट कॉप्या, सगळ्या ठळक. सुटला प्रश्न. पंचविसाच्या चार दिवस आधी... पाच.

आईला फोन करून सांगितलं, मशीन मी लावलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं.

२१ फेब्रुवारी.
ग्लेंडाबाईंनी पत्रक हातात घेऊन विचारलं, फेब्रुवारीत अस्वल कुठून आलं, ड्वेन? आणि ही अक्षरं कुणाची? मी म्हटलं, गडद करताना थोडं इकडेतिकडे होतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, डोळे मिटले. म्हणाल्या, पंचविसापर्यंत काही करू नकोस. बस नुसता. मी म्हटलं, बसतो.

दिवसभर बसलो. खिडकीतून यार्ड दिसतं. माणसं वाफेसारखी दिसतात. पूर्वी मला ते बघून काहीतरी व्हायचं, उठून त्यांच्यात जावंसं वाटायचं. आता काही होत नाही.

२४ फेब्रुवारी. ५००.
जॅकेटं आली. निळी, पाठीवर ५००. ग्लेंडाबाईंनी केक कापला, बोर्डासमोर सगळ्यांचा फोटो. मी टोकाला उभा होतो. माझं जॅकेट लहान निघालं, चेन छातीपर्यंतच येते. सिरिलकाका माझं बखोट धरून म्हणाले, अरे, हे खरं तुझं जॅकेट, तू घरी गेला असतास तर आज आम्ही केकचा वासही घेतला नसता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काका कौतुक करतात तेव्हा ते मला नीट कळत नाही.

२५ फेब्रुवारी. उणे ३०.
अर्नेल आला. बुटका माणूस, छोटी बॅग. एडमंटनहून पाच तास गाडी चालवून आला. बॅगेतून पांढरं पान काढलं, त्यावर जाड पेननं रेघ ओढली, काचेवर ठेवलं, बटण दाबलं. रेघ आली. काळी. चार मिनिटं झाली नव्हती.

त्यानं विचारलं, तुम्ही कशाची कॉपी काढता? मी कालचं पान दाखवलं. त्यानं विचारलं, आणि हे कशावरून? मी म्हटलं, परवाच्यावरून. त्यानं विचारलं, आणि ते? मी पद्धत समजावून सांगितली. सगळी, पहिल्या दिवसापासून. ग्लेंडाबाई दारात उभ्या होत्या. मी सांगत होतो आणि सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं.

अर्नेल म्हणाला, दादा, कॉपी दर वेळी जराशी उतरतेच. एकदा उतरली तर कुणाला कळत नाही. तुम्ही रोज उतरवत गेलात.

ग्लेंडाबाई म्हणाल्या, मूळ पत्रक? मी वहीच्या खिशातून काढून दिलं. थोडं वाकलं होतं, बाकी जसंच्या तसं. अर्नेलनं काचेवर ठेवलं. आली कॉपी. तेरा ओळी. सातवी ओळ : शिडीवर एका वेळी एकच माणूस.

त्यानं आलोच आहे तर म्हणून मागचं झाकणही उघडलं. चिमट्यानं रोलरवरून काहीतरी सोडवलं, उजेडात धरलं. पट्टीचा जळका तुकडा, आणि त्याला चिकटलेलं थोडंसं. ग्लेंडाबाईंनी माझा उजवा हात हातात घेतला, पट्टी सोडली. म्हणाल्या, देवा. मग म्हणाल्या, हे कधी? मी म्हटलं, सोळाला. त्या म्हणाल्या, दुखलं नाही? मी म्हटलं, नाही. हे मात्र खरं होतं.

२६ फेब्रुवारी.
मेडिककडे. फोड सुकलाय. त्याच्या पुस्तकात हा ‘किरकोळ’ मध्ये बसतो, बोर्डाला धक्का नाही. गोठलेल्या बोटांत जीव येईल का, विचारलं. म्हणाला, येईल तेवढा येईल. हातमोजा घालून काम करता येईल असं लिहून सही केली.

ग्लेंडाबाई म्हणाल्या, म्हणजे एक तारखेपासून यार्ड. मी म्हटलं, मला वाटलं होतं कायमचं. त्या वाईट बाई नाहीत. म्हणाल्या, बाळा, तुला घरी पाठवलं असतं तर बोर्ड शून्यावर आला असता. तुला कुठेतरी बसवायचं होतं. त्यांनी पुढेही काहीतरी सांगितलं, मशीनमध्ये हात घातल्याचं कॅल्गरीला कळवावं लागेल, नियम आहे, असं. मी खणावरचा कागद सोलत होतो. चांगला चिकटवला होता, निघत नव्हता.

मूळ पत्रक त्यांच्या कपाटात कुलुपात गेलं. वही आता नीट मिटते.

२ मार्च. उणे ३६. ५०६.
कालपासून यार्ड. काल लिहिलं नाही.

सकाळी सहाला रांगेत. खिडकीतून पत्रक मिळालं. कॅल्गरीहून नवीन आलंय, शिक्का नवा. छपाई काळीभोर, अंधारातही वाचता येईल. आणि ओळी तेरा नाहीत, चौदा. सिरिलकाकांनी चौदावी मोठ्यानं वाचली : फोटोकॉपी मशीनचं मागचं झाकण उघडून आत हात घालू नये. मग टोपी काढून माझ्याकडे वळून म्हणाले, साहेब, आता लक्षात ठेवतो. आख्खी रांग हसली. जन्मात त्या मशीनजवळ जाणार नाहीत अशी एकसष्ट माणसं. सगळ्यांच्या तोंडांतून वाफ. मग सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, डाव्या हातानं.

म्हणजे माझी एक ओळ ऑफिसात कायमची राहिली. रोज सगळ्यांना तिच्याखाली सही करावी लागेल, मी गेल्यावरसुद्धा. असं फार लोकांचं होत नाही.

दुपारी जेवताना आईचा फोन. तिच्या मागे माणसांचा आवाज येत होता. म्हणाली, फादर आलेत, तुझं विचारतायत. मग म्हणाली, सोन्या, बाहेर फार थंडी असेल ना तिकडे? ऑफिसात ऊब आहे ना?

आहे म्हटलं.